दुरुस्तीनंतरचे नऊ दिवस

एका लेखातील एक वाक्य आम्ही काढून टाकले, आणि ते गेले नाही. या गोष्टीविषयी जाहीरपणे लिहावे की लिहू नये, यावर आमच्यात बराच काळ मतभेद होते. शेवटी लिहायचे ठरले, कारण चूक तांत्रिक असली तरी तिने विचारलेले प्रश्न आपल्या, म्हणजे साहित्य शिकणाऱ्यांच्या आणि शिकवणाऱ्यांच्या, घरचे आहेत असे आम्हांस वाटते.

जुन्या वाङ्मयीन नियतकालिकांतील लेख टंकून, तपासून संकेतस्थळावर ठेवण्याचे काम आम्ही चार-पाच जण करतो. त्यात नव्याने लिहून आलेल्या समीक्षालेखांचीही भर पडते. अशाच एका नव्या लेखात, एका हयात समीक्षकांनी आपल्या ग्रंथातील एक प्रकरण दुसऱ्या कोणाच्या अप्रकाशित प्रबंधावरून बेतले आहे, असे विधान होते. प्रसिद्ध करण्यापूर्वी आम्ही पुरावा मागायला हवा होता, मागितला नाही. समीक्षकांनी पत्र पाठवले आणि सोबत, त्या प्रबंधाच्या चार वर्षे आधी छापून आलेल्या आपल्याच लेखाची छायाप्रत जोडली. विधान खोटे होते, यात शंकेला जागाच नव्हती. लेखकाने ते मान्य केले. आम्ही त्याच संध्याकाळी वाक्य काढले आणि तसे सरांना कळवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "अहो, वाक्य काढलं म्हणता, मग मी आत्ता वाचतोय ते काय आहे?" आम्ही लेख उघडून पाहिला. वाक्य नव्हते. तसे सांगितल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तुमच्याकडे नसेल. माझ्याकडे आहे." तिसऱ्या दिवशी त्यांच्या एका विद्यार्थिनीने पडद्याचे छायाचित्रच पाठवले, त्यात ते वाक्य जसेच्या तसे होते. आम्ही तोंडावर एक बोलतो आणि जगाला दुसरेच दाखवतो, असा सरांचा समज झाला, आणि त्यांच्या जागी आम्ही असतो तर आमचाही झाला असता. असे नऊ दिवस चालले.

आमच्या संकेतस्थळाची चौकट कोणती हे सांगण्यात अर्थ नाही, कारण दोष तिचा नव्हता, आमचा होता. चौकट म्हणजे इंग्रजीत ज्याला फ्रेमवर्क म्हणतात ते: पान मागणाऱ्याचे ऐकणे, विदागारातून मजकूर काढणे, तो साच्यात बसवून पाठवणे ही रोजची कामे जिच्यात आयती करून मिळतात अशी आज्ञावली. या कामांत दोन कामे अशी आहेत की ती नीट चालली तर कोणाच्या लक्षातही येत नाहीत. एक कॅश आणि दुसरे लॉग.

कॅश म्हणजे रोकड नव्हे. उच्चार एक असला तरी शब्द वेगळा; त्याचे मूळ 'लपवणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदात आहे. शंभर जणांनी एकच लेख मागितला तर तो शंभरदा नव्याने जुळवायचा कशाला, एकदा जुळवलेली प्रत हाताशी ठेवावी आणि तीच देत राहावे, एवढाच हा विचार. प्राध्यापकवर्गाला तो परका वाटू नये. वीस वर्षांपूर्वी एकदा कष्टाने काढलेली आणि आता पिवळी पडलेली टिपणवही घेऊन जे वर्गावर जातात, ते कॅशमधूनच शिकवत असतात. वेळ वाचतो, मुलांना अपेक्षित तेच मिळते. फक्त मधल्या काळात मूळ संशोधन बदललेले असते, हे वहीला कोणी सांगितलेले नसते.

लॉग हा शब्द समुद्रावरून आला. जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा पाण्यात टाकत. त्याची मापे ज्या वहीत टिपत ती लॉगबुक. आपल्याकडे रोजकीर्द म्हणता येईल, किंवा कचेरीतली बारनिशी: काय आले, काय गेले, केव्हा, कोणाकडून.

आता सरांचा पुढचा प्रश्न. "बरं, एवढं तरी सांगा, हे वाक्य आजवर किती जणांनी वाचलं?" आम्ही मोठ्या विश्वासाने लॉग उघडला आणि लेखाच्या नावापुढे जवळजवळ काहीच सापडले नाही. कारण सांगायला सोपे आहे, पण ते कळायला आम्हांला अर्धा दिवस लागला. कॅश दारावर बसते. तिच्याजवळ प्रत असेल तर ती पाहुण्याला दारातूनच लेख देऊन परत पाठवते. आत बसलेल्या कारकुनाला कोणी येऊन गेल्याचा पत्ताच लागत नाही, मग तो नोंद कसली करणार? म्हणजे आमच्या वहीत नेमके तेच वाचक नव्हते ज्यांनी शिळी प्रत वाचली. दारावरच्या सर्व्हरची स्वतःची वेगळी वही असते, पण जागा वाचावी म्हणून ती आम्ही दोन वर्षांपूर्वी बंद करून ठेवली होती. सरांना आम्ही खरे ते सांगितले: माहीत नाही. या एका उत्तराने त्यांचा आमच्यावरचा अविश्वास जितका वाढला, तितका त्या मूळ वाक्याने वाढला नसेल.

या निमित्ताने आम्ही दुसऱ्यांच्या चुका वाचू लागलो, आणि हे वाचन इतके रंगतदार निघाले की त्याचा थोडा विस्तार केल्याशिवाय राहवत नाही. उदाहरणासाठी जँगो ही चौकट घेऊ. तिचा जन्म अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या गावी, एका स्थानिक वृत्तपत्राच्या कचेरीत, २००३ साली झाला. एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन या दोघांनी बातमीच्या घाईत तिची बांधणी सुरू केली. २००५ च्या जुलैमध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. नाव जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे. वृत्तपत्राच्या पोटी जन्मलेल्या चौकटीला कॅशचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. एकच बातमी, तेच पान, हजारो वाचक. योगायोग असा की पुष्कळ संकेतस्थळे ज्या साधनाच्या आधाराने प्रती हाताशी ठेवतात ते मेमकॅशडही २००३ सालचेच, आणि ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी ते बनवले लाइव्हजर्नलसाठी, म्हणजे लोकांच्या अनुदिन्या ठेवणाऱ्या स्थळासाठी. एका बाजूला वृत्तपत्र, दुसऱ्या बाजूला दैनंदिनी. ही विद्या शब्दांच्या बाजारातच वाढली आहे, तिच्याकडे पाहून साहित्याच्या माणसाने नाक मुरडण्याचे कारण नाही.

जँगोची कॅशविषयक एक दुरुस्ती आमच्या विशेष आवडीची आहे. प्रश्न असा असतो की एकाच पत्त्यावरचे पान सगळ्यांसाठी एकच असते असे नाही. परवलीचा शब्द देऊन आत आलेल्या माणसाला त्याच्या नावाचे पान दिसते, पाहुण्याला दुसरे. मग दारावरच्या कॅशला कळावे कसे? त्यासाठी उत्तरासोबत 'व्हॅरी' नावाची एक चिठ्ठी जोडलेली असते: 'हे पान मागणाऱ्याच्या ओळखचिठ्ठीप्रमाणे बदलते, एकाचे दुसऱ्याला देऊ नये.' आता इंटरनेट एक्सप्लोररच्या जुन्या आवृत्त्यांना, म्हणजे बहुधा सहावीला आणि विंडोज एक्सपीवर चालणाऱ्या सातवीला, ही चिठ्ठी अनेक प्रकारच्या मजकुराबरोबर आली की पचत नसे. म्हणून जँगोने एक सौजन्य केले. मागणारा एक्सप्लोरर असेल तर ती चिठ्ठीच गुपचूप काढून घ्यायची. बिचाऱ्या जुन्या न्याहाळकाची अडचण दूर झाली; पण वाटेत एखादी सामायिक कॅश असेल, तर तिला 'हे दुसऱ्याला देऊ नये' असे सांगणारे कोणी उरले नाही. एकाचा खाजगी मजकूर दुसऱ्याच्या पदरात पडण्याची वाट मोकळी झाली. १४ मे २०१४ रोजी ही चूक सीव्हीई-२०१४-१४१८ या क्रमांकाने जाहीर झाली आणि दुरुस्त करण्यात आली. दुरुस्ती काय केली? सौजन्य काढून टाकले. नवे काही लिहिले नाही. जुन्या न्याहाळकांसाठी केलेली विशेष वागणूक तेवढी खोडली, आणि फाइली उतरवून घेण्याच्या बाबतीत असलेली तशीच दुसरी एक सवलतही तिच्याबरोबर गेली.

इथे थोडे थांबले पाहिजे. विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार त्याच वर्षी ८ एप्रिलला संपला होता, तेव्हा हिशेब सरळ होता असे कोणी म्हणेल. परंतु आम्ही ज्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत त्या काळी बसत होतो तेथील संगणक एक्सपीवरच चालत होते, आणि पुढेही काही वर्षे चालले. ज्याच्यासाठी सौजन्य होते तो माणूस कुठे गेला नव्हता. तरीही सौजन्य काढले हे योग्यच झाले, असे आमचे मत आहे. एका वाचकाच्या सोयीची किंमत दुसऱ्या वाचकाच्या गुप्ततेने चुकवायची, आणि तीही त्याला न विचारता, हा व्यवहार संपादकाने करू नये. अडचण दिसते, म्हणून तिची दया येते. गळती दिसत नाही, म्हणून ती चालू राहते. ग्रंथसंपादनातही हेच घडते. अवघड शब्द विद्यार्थ्याला अडतो म्हणून पाठ्यपुस्तकवाले तो सोपा करून टाकतात, आणि मूळ कवितेचे काय झाले हे पुढच्या पिढीतल्या कोणाला तरी संशोधन करून शोधावे लागते.

गळती खरोखर झाली की काय होते, हे २५ डिसेंबर २०१५ रोजी दिसले. व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम या खेळांच्या दुकानावर नाताळच्या गर्दीत बाहेरून हल्ला झाला. तो परतवण्यासाठी कॅशचे नियम घाईने बदलण्यात आले आणि त्या बदलात चूक राहिली. सुमारे दीड तास लोकांना आपल्या खात्याऐवजी परक्यांची पाने दिसत होती. कंपनीच्याच निवेदनानुसार सुमारे ३४ हजार जणांची माहिती अशी परक्यांना दिसली असण्याची शक्यता होती. कोणी चोरी केली नव्हती. टपालवाल्याने पाकिटे बदलली होती, इतकेच.

लॉगची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. लेखनिकाचे काम ऐकलेले लिहून घेण्याचे. ऐकलेले पाळण्याचे नव्हे. तोंडी मजकुरात 'लेखणी ठेव आणि मागचे दार उघड' असे वाक्य आले आणि लेखनिकाने खरोखरच उठून दार उघडले, तर? लॉगफोरजे या जावा भाषेतील नोंदणीच्या साधनात नेमके हेच होत होते. नोंदवायच्या मजकुरात विशिष्ट प्रकारची खूण आली की ते साधन ती खूण सूचना समजून पाळत असे आणि बाहेरच्या सर्व्हरकडून आज्ञावली आणून चालवण्यापर्यंत मजल जाई. ही 'सोय' २०१३ सालापासून होती. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी अलिबाबाच्या सुरक्षाविभागातील चेन झाओजुन यांनी ती अपाचे संस्थेच्या नजरेस आणली, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती जगजाहीर झाली, आणि तिला दहापैकी दहा गुणांची तीव्रता मिळाली. पहिली दुरुस्ती पुरी पडली नाही म्हणून दुसरी, मग तिसरी, अशा त्याच महिन्यात एकामागून एक आवृत्त्या काढाव्या लागल्या. जगभरच्या बँका आणि सरकारे ज्या वहीवर विसंबून होती, ती वही मूठभर स्वयंसेवक फावल्या वेळात सांभाळत होते, हेही तेव्हाच पुष्कळांना कळले. वाङ्मयीन नियतकालिके चालवणाऱ्यांना या तपशिलाचे आश्चर्य वाटणार नाही.

लेखनिक आज्ञा पाळत नसला तरी तो नको ते लिहून बसू शकतो. ३ मे २०१८ रोजी ट्विटरने आपल्या ३३ कोटींवर सदस्यांना परवलीचा शब्द बदलण्याचा सल्ला दिला. कारण तो शब्द गुप्त रूपात बदलण्याची क्रिया पुरी होण्याआधीच अंतर्गत लॉगमध्ये उघडा लिहिला जात होता. बाहेर कोणी तो वाचल्याचे दिसले नाही, असे कंपनीने सांगितले. तरी वहीत तो होता.

पण आमच्या जिव्हाळ्याची लॉगची चूक पुन्हा जँगोचीच, आणि अगदी अलीकडची, २०२५ सालची. न सापडलेल्या पानाचा पत्ता जँगो आपल्या वहीत लिहून ठेवते. तो पत्ता वाचकाने टंकलेला असतो, म्हणजे त्यात काय असेल त्यावर आपला ताबा नसतो. त्यात कोणी ओळ तोडण्याचे चिन्ह घुसवले तर वहीतली नोंद मध्येच संपून नवी ओळ सुरू होते, आणि त्या ओळीवर तो स्वतःला हवे ते लिहू शकतो. पाहणाऱ्याला ती ओळ यंत्रानेच लिहिलेली वाटते. संतसाहित्याच्या अभ्यासकाला हा प्रकार समजावून सांगायला हवा का? कोणाही किरकोळ रचनाकाराने आपल्या कवनाच्या शेवटी तुकोबांची मुद्रा घातली की तो अभंग गाथेच्या वाटेला लागतो. पुढे संपादकांच्या पिढ्या प्रक्षिप्त आणि अप्रक्षिप्त निवडत बसतात. लॉगमधली ही घुसखोरी म्हणजे दुसऱ्याची मुद्रा घालून लिहिलेली ओळ होय. ४ जून २०२५ रोजी जँगोने दुरुस्ती जाहीर केली, आणि सहाच दिवसांनी, १० जूनला, उरलेल्या जागा भरून काढणाऱ्या आणखी आवृत्त्या काढल्या. पहिली दुरुस्ती अपुरी होती हे न लपवता.

दुरुस्तीचा मार्ग असा की नोंदीत येणारा बाहेरचा मजकूर आधी सुरक्षित अक्षरांत बदलून घ्यायचा. ओळ तोडण्याचे चिन्ह आता ओळ तोडत नाही, त्याचे नाव तेवढे उमटते. छान. पण या रूपांतरात इंग्रजी मुळाक्षरे, अंक आणि ठरावीक चिन्हे यांपलीकडचे प्रत्येक अक्षर आपल्या युनिकोड क्रमांकात बदलते. देवनागरीतला पत्ता असेल तर 'क' च्या जागी ०९१५, 'ळ' च्या जागी ०९३३, असे आकडे. ज्यांची संकेतस्थळे मराठी पत्ते वापरतात त्यांच्यासाठी ही वही आता डोळ्यांनी वाचण्याजोगी राहिली नाही.

हे प्रथम कळले तेव्हा आम्ही चिडलो होतो. न सापडलेल्या पानांची यादी ही संपादकाच्या दृष्टीने सोन्याची खाण असते. वाचकांनी काय मागितले आणि आपल्याकडे काय नव्हते, ते तिथे दिसते. 'कविता' ऐवजी 'कवीता' किती जण लिहितात, कोणत्या विस्मृत लेखकाचे नाव अचानक दहा जण शोधू लागले (बहुधा अभ्यासक्रमात लागले म्हणून), हे सारे एका नजरेत कळायचे. घुसखोरी करतात ओळ तोडणारी चिन्हे, आणि शिक्षा भोगतात साऱ्या जगाच्या लिप्या. हा कोणता न्याय, असे आमच्यातील एकाने तावातावाने मांडलेही. नियंत्रक चिन्हे तेवढी अडवावी आणि अक्षरे जाऊ द्यावी, असा त्याचा आग्रह होता.

त्याचे उत्तर आमच्याच चुकीने दिले, आणि म्हणून आता त्या नऊ दिवसांकडे परत येतो.

पहिल्या दिवसाचे कारण लवकर सापडले होते. आम्ही संपादक म्हणून आत आलेलो असल्याने दारावरची कॅश आम्हांला न अडवता आत सोडत होती. आम्हांला ताजी प्रत, बाकी जगाला जुनी. जुने अंक कधी बदलत नाहीत या समजुतीने प्रतीचे आयुष्य आम्ही एक महिना ठेवले होते. तिसऱ्या दिवशी आम्ही त्या लेखाच्या पत्त्यावरची प्रत पुसून टाकली आणि सुटलो असे मानले. तरी सरांना वाक्य दिसतच राहिले. आठव्या दिवशी, दुसरा काही उपाय सुचेना म्हणून, बंद ठेवलेली दारावरची वही सुरू केली. नवव्या दिवशी सकाळी तिच्यात तोच लेख दोन वेगवेगळ्या पत्त्यांवर मागितला जात असल्याचे दिसले.

लेखाच्या नावात 'ऱ्हास' हा शब्द होता. त्यातला अर्धा र, म्हणजे आपण ज्याला डोळ्यातला र किंवा चंद्रकोरी र म्हणतो तो, संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो. एक, नुक्त्याचा ऱ आणि त्याला हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण करूनही ते एक होत नाहीत. अनुक्रमणिकेतला दुवा एका कळफलकावर टंकला गेला होता, आणि लेख प्रसिद्ध झाल्याचे कळवणाऱ्या पत्रातला दुसऱ्या. वाचकाची गैरसोय नको म्हणून दोन्ही पत्ते एकाच लेखाकडे जावेत अशी व्यवस्था आम्हीच पूर्वी करून ठेवली होती. सौजन्य! कॅशच्या दृष्टीने मात्र ते दोन वेगळे पत्ते, म्हणून दोन वेगळ्या प्रती. आम्ही एक पुसली. सरांजवळ पत्रातला दुवा होता.

आणि हे दिसले कशामुळे? दारावरच्या वहीत देवनागरी उमटत नाही. प्रत्येक अक्षर टक्क्याच्या चिन्हांनी सुरू होणाऱ्या तीन जोड्यांत लिहिलेले असते. दोन नोंदी एकाखाली एक आल्या तेव्हा एक ओळ दुसरीपेक्षा तीन जोड्यांनी लांब होती. तीच ती अदृश्य जोडचिन्हाची जागा. वही सुंदर देवनागरीत असती तर दोन्ही ओळी सारख्याच दिसल्या असत्या आणि आम्ही आणखी तीन आठवडे प्रत आपोआप शिळी होण्याची वाट पाहत बसलो असतो. तावातावाने बोलणाऱ्या आमच्या मित्राने त्यानंतर हा विषय काढलेला नाही. आम्हीही त्याला छेडलेले नाही; कारण त्याचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नाही, वाचनीय वहीची गरज खरीच आहे. मात्र मूळ वही आकड्यांतच असावी आणि वाचनासाठी तिच्यावरून देवनागरी प्रत काढून घ्यावी, असे आता आमचे मत झाले आहे. पोथीचे जसेच्या तसे लिप्यंतर वेगळे आणि वाचकांसाठीची आवृत्ती वेगळी, हे आपण फार पूर्वीपासून जाणतो.

संगणकवाल्यांत फिल कार्लटन यांच्या नावावर एक विनोद सांगितला जातो: या शास्त्रात कठीण गोष्टी दोनच, शिळी प्रत केव्हा बाद करायची ते ठरवणे आणि वस्तूंना नावे देणे. आमच्या वाट्याला दोन्ही एकाच शब्दात आल्या.

आता ज्या मुद्द्यासाठी हे सारे लिहिले तो. कॅश आणि लॉग यांच्या चुका वाचताना आम्हांला सर्वांत अधिक जाणवले ते हे की या लोकांकडे दुरुस्तीची नोंद असते. कोणती चूक, कोणत्या आवृत्त्यांत, कोणत्या तारखेला सुधारली, कशी सुधारली, बहुधा कोणी दाखवून दिली, हे सारे कोणालाही वाचता येते. आधीचा मजकूरही पाहता येतो. आपल्याकडे काय आहे? शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. आपण हे काम केले हे त्यांनी काळासह नोंदवले, पुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये असेही बजावले. पण कोणते पाठ त्यांच्यासमोर होते आणि कोणते त्यांनी नाकारले, ही वही आपल्यापाशी नाही. म्हणून राजवाड्यांनी १९०९ साली वेगळी प्रत छापली तेव्हा जो वाद सुरू झाला तो आजही पुरता मिटलेला नाही. सोळाव्या शतकातल्या महात्म्याकडे आम्ही बोट दाखवत नाही; शिळ्या आणि अशुद्ध प्रती चलनात असण्याचा धोका त्यांनी ओळखला हेच केवढे आहे. प्रश्न आजच्या प्रकाशकांचा आणि आमच्यासारख्या संकेतस्थळवाल्यांचा आहे. दुसरी आवृत्ती म्हणून जे छापले जाते त्यात काय बदलले हे सांगणारी प्रस्तावना किती पुस्तकांना असते? पहिल्या आवृत्तीला जोडलेले शुद्धिपत्र दुसऱ्या आवृत्तीत मुकाट्याने गळते, कधी चुका सुधारून, कधी तशाच ठेवून. विद्यार्थी अवतरण देतात आणि आवृत्ती लिहीत नाहीत. आम्ही शिक्षकही विचारत नाही.

आम्हीही तेच केले होते. वाक्य काढले ते गुपचूप. सरांना खाजगी पत्र, जगाला काहीच नाही. कॅशने आमचा तो चोरटेपणा नऊ दिवस उघडा ठेवला, असेही म्हणता येईल.

यावर आमच्यात जो वाद झाला तो अजून चालू आहे. एका पक्षाचे म्हणणे, लेखाखाली तारीख घालून स्पष्ट लिहावे की येथे अमुक विधान होते, ते चुकीचे होते, काढले आहे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, ज्याची बदनामी झाली त्याच्या नावापुढे ती बदनामी दुरुस्तीच्या रूपाने कायमची टांगून ठेवणे हे कसले प्रायश्चित्त? नवी पिढी मूळ वाक्य कधी वाचणारच नव्हती. तुमची नोंद वाचून ती विचारील, आरोप काय होता? ट्विटरची वही आठवावी. काही गोष्टी वहीत लिहूच नयेत. दोन्ही पक्षांत तथ्य आहे, पण आमचा कौल पहिल्याकडे आहे, एका अटीवर: नोंदीचा मजकूर ज्याच्यावर अन्याय झाला त्याने पाहून मान्य केलेला असावा.

आम्ही तसा मजकूर सरांकडे पाठवला. चार ओळींचा होता. त्यांनी तो दोन ओळींवर आणला, आमचा एक ऱ्हस्व दीर्घ केला, आणि आरोपाचा उल्लेख न काढता उलट अधिक नेमका केला. "लिहायचंच तर नीट लिहा," एवढेच ते म्हणाले. ती नोंद आता लेखाखाली तारखेसह आहे. दोन पत्त्यांपैकी एक आम्ही कायम ठेवला. दुसरा मागणाऱ्याला त्याच्याकडे वळवले जाते, आणि दारावरची वही आता चालू असल्यामुळे वळवल्याची नोंद होते. गेल्या महिन्यात अशा चौदा नोंदी होत्या.